गंगामावशीची मॅटाडोर

खंडू शिगवणची मोटारसायकल रस्त्यावर चालवायची नव्हतीच. जुन्या येझदीचे दिवे, आरसे, मडगार्ड सगळं उतरवून त्याच्या मेव्हण्याने, शिवाने, ती मोटोक्रॉससाठी तयार केली होती. चिखलातून, मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारत पळवायची ही शर्यत. शिवाचं खेडमध्ये गॅरेज होतं आणि तशीच दुसरी गाडी त्याने स्वतःसाठी केली होती. दोघे जगबुडी नदीच्या काठावर सराव करायचे आणि डोक्यापासून पायापर्यंत लाल होऊन घरी यायचे. साल शहाऐंशीचं. शर्यती व्हायच्या कोल्हापूरला नाहीतर पुण्याला, आणि तिथवर गाड्या न्यायच्या कशा, हे काही सुटत नव्हतं.

एकदा एसटीच्या टपावर चढवून पाहिली. चौघांनी येझदी शिडीच्या निम्म्यापर्यंत नेली, तेवढ्यात कंडक्टर चहा संपवून आला.

"टपावर फणस चालतील, कोंबड्या चालतील," तो म्हणाला. "हिला तिकीट कसलं फाडू?"

गाडी खाली उतरवेपर्यंत एसटी सुटली आणि शर्यतही हुकली.

खंडू हायवेवरच्या लोटे गावातल्या कारखान्यात फिटर होता. त्याची बायको सत्यवती त्याच हायवेवरच्या एका गावात शाळेत शिकवायची. दोघांचं जाणं-येणं एसटीनेच. शेवटी खंडूने ठरवलं, की एक जुनी चारचाकी घ्यायची. आठवडाभर नोकरीला आणि रविवारी शर्यतीला.

"दोन्ही एकाच गाडीत?" सत्यवतीने विचारलं.

"का नाही? फक्त नीट बघून घ्यायची."

पहिली बघितली ती खेडच्या एका डॉक्टरांची फियाट. पांढरीशुभ्र, सीटांवर कव्हरं, काचा वर केल्या की धुरळ्याचा कणसुद्धा आत नाही. सत्यवतीला ती बघताक्षणी आवडली. पण शिवाने तिथेच येझदीचं पुढचं चाक काढलं आणि उरलेली गाडी मागच्या सीटवर तिरकी सरकवायला घेतली. हँडल छताला अडकलं. ते सोडवताना चेनचं तेल कव्हराला लागलं. डॉक्टर बाहेर आले, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"खंडूशेठ," ते म्हणाले, "मी गाडी विकायची नाही म्हणून आत्ताच ठरवलं."

मग चिपळूणची एक उघडी जीप. तिला मागे जोडायची ट्रॉलीही होती, तिच्यात दोन्ही मोटारसायकली आरामात मावत होत्या. खंडू खूष. बघायला म्हणून मालकाने सकाळी सत्यवतीला शाळेपर्यंत सोडलं. ती वर्गात गेली तर पोरं हसू दाबायला लागली. केस, भुवया, साडी, सगळं जांभ्या दगडासारखं लाल झालेलं. संध्याकाळी तिने खंडूसमोर पदर झटकला आणि एवढंच म्हणाली, "जीप नको."

मग शिवानेच खबर आणली. दाभोळच्या गंगामावशीची मॅटाडोर विकायची आहे. गंगा म्हणजे मासळीची मोठी व्यापारी. आता तिने ट्रक घेतला होता, म्हणून मॅटाडोर नको झाली होती.

रविवारी तिघे दाभोळला गेले. बंदराच्या धक्क्याजवळ गाडी उभी होती. निळी, चारी बाजूंनी बंद, मागे दोन दारं. दारं उघडल्याबरोबर आतून बांगड्याचा असा वास आला की खंडू दोन पावलं मागे सरला. शिवाने मात्र खिशातून सुतळी काढली. घरून निघतानाच त्याने दोन्ही मोटारसायकलींच्या मापाच्या गाठी तिला मारून आणल्या होत्या. तो आत शिरला आणि आतूनच ओरडला, "भावोजी, दोन्ही बसतात! वर पेट्रोलचा डबा, टायर, सगळं!"

"आणि माणसं?" सत्यवतीने विचारलं.

"पुढे बस गो बाय," गंगामावशी म्हणाली. "मी इतकी वर्षं पुढेच बसून फिरले. चढायला ही पायरी मुद्दाम करून घेतलीय. नऊवारीत चढायचं म्हणजे काय खायचं काम हाय?"

सत्यवती पायरीवरून चढली, बसली, उतरली, पुन्हा चढली. दार ओढून बघितलं. काच वर केली. मग खाली उतरून गंगामावशीजवळ उभी राहिली.

"चालवणार कोन?" मावशीने विचारलं.

शिवाने खंडूकडे बोट केलं. खंडूने होकारार्थी मान हलवली.

"मी," सत्यवती म्हणाली.

खंडूला वाटलं, ती थट्टा करते आहे. "तू?"

"तुम्हाला आठवडाआड रात्रपाळी. सकाळी तुम्ही घोरत असणार. मग गाडी अंगणात आणि मी एसटीच्या थांब्यावर, असंच ना? मग माझ्यासाठी गाडी घेतली कुठे?"

तीन महिने खंडू लांबी, रुंदी, ट्रॉली, सगळं मोजत होता, पण आपण झोपलेले असताना बायको शाळेत कशी जाणार, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याने कान खाजवला. "खरं आहे गो," तो म्हणाला. "पण जमेल का?"

"बसून बघितल्याशिवाय कसं कळेल?"

गंगामावशीने आपल्या ड्रायव्हरला, भागोजीला, हाक मारली. खाडीकाठी जाळी वाळत घालायचं सपाट मैदान होतं. भागोजीने सत्यवतीच्या पाठीशी गोणपाटाची घडी ठेवली, क्लच-ब्रेक दाखवले आणि स्वतः शेजारी बसला. पहिल्यांदा गाडीने उडी मारली आणि बंद पडली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ती हळूच निघाली आणि थेट जाळ्यांच्या दिशेने चालली. जाळी विणणाऱ्या बाया "अगो, अगो!" करत उठल्या. सत्यवतीने दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवलं. ते जात्यासारखं जड. जाळ्यांना वळसा घालून मॅटाडोर धक्क्याजवळ आली आणि एका हिसक्यासरशी थांबली. सत्यवती घामाने भिजली होती आणि जोरजोरात हसत होती. लग्नाला सहा वर्षं झाली, पण तिला असं हसताना खंडूने कधी बघितलं नव्हतं.

"हीच घ्यायची," तो म्हणाला. वास मात्र त्याला अजून झोंबत होता.

तो वास घालवायला पंधरवडा लागला. राख, फिनेल, आमसुलाचं पाणी, मालन शेजारणीने सांगितलेला लिंबाचा पाला, सगळं झालं. तोवर गल्लीतली मांजरं गाडीखालून हटायला तयार नव्हती. सत्यवती रोज संध्याकाळी नदीकाठी शिवाकडून शिकत होती. लायसन मिळालं तसा तिने एसटीचा पास बंद केला. तिच्याबरोबर वाटेवरच्या दोन शिक्षिकाही येऊ लागल्या.

गणपतीनंतर कोल्हापूरला शर्यत लागली. रात्री दुसरी पाळी करून आलेल्या खंडूला सत्यवतीने मागे मोटारसायकलींशेजारी गादी घालून झोपवलं आणि रातोरात गाडी कुंभार्ली घाटावर चढवली. शर्यतीत शिवाचा तिसरा नंबर आला. खंडू दुसऱ्याच उडीला चिखलात तोंडावर पडला, उठला आणि शेवटून दुसरा आला. तरी दोघेही सारखेच खूष होते. परतताना कऱ्हाड यायच्या आतच मागे दोघांनी ताणून दिली.

दुपार कलताना घाटमाथ्यावर एका हवालदाराने हात दाखवून गाडी थांबवली.

"ड्रायव्हर कुठाय?"

"मीच."

त्याने लायसन उलटसुलट करून बघितलं. "मागे काय माल?"

"दोन मोटारसायकली आणि दोन माणसं."

त्याने मागचं दार उघडलं. चिखलाने माखलेले दोघे दचकून उठून बसले. हवालदाराची नजर त्यांच्यावरून मोटारसायकलींकडे गेली आणि तिथेच राहिली.

"शर्यतीच्या का हो? कितवा नंबर?"

शिवाने तीन बोटं दाखवली. खंडूने नुसताच हात हलवला.

हवालदाराने येझदीच्या टायरवरून हात फिरवला, हँडल धरून पाहिलं, आणि मग नाइलाजाने दार लावून पुढे आला.

"उतार वाईट आहे बाई. दुसऱ्या गियरमध्येच ठेवा."

"दुसराच टाकलाय," सत्यवती म्हणाली, आणि मॅटाडोर चिपळूणच्या बाजूला उतरू लागली.