अंगठ्याची ओळख

नवरा-बायको एकाच कंपनीत असले की निदान भांडणासाठी विषय शोधावा लागत नाही. हे दोघं व्हिडिओ गेमचे कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीत होते. ती बटणं करायची आणि तो बटणं घालवायच्या मागे लागला होता.

त्याने बटणाच्या जागी एक गुळगुळीत पट्टी बसवली होती. दाबायचं नाही, नुसता अंगठा टेकवायचा, की पडद्यावरचा कोल्हा उडी मारतो. बटणाला स्प्रिंग लागते, ते खटखटतं, त्यात धूळ बसते. पट्टीला यातलं काही नाही, असं तो भेटेल त्याला सांगे. शुक्रवारी मोठे साहेब स्वतः खेळून बघणार होते. कोल्हा नीट उडाला तर नव्या कंट्रोलरवर पट्टी, नाहीतर बायकोचं बटण आहे तिथेच. पट्टीवर त्याची दोन वर्षं गेली होती. बायकोच्या हिशेबाने तीन, कारण त्याआधीचं एक वर्ष तो नुसताच पट्टीबद्दल बोलत होता.

त्याच्या प्रयोगशाळेत एक शिस्त होती. पट्टीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. "लोक खातात आणि हात पुसत नाहीत," हे कारण. त्यामुळे सगळ्या चाचण्या तोच घेई. आपला हात जगन्नाथ! कोल्हा दर वेळी उडे.

बुधवारी संध्याकाळी त्याने कंट्रोलर घरी आणला आणि दागिना द्यावा तसा बायकोच्या हातात ठेवला. तिने अंगठा टेकवला. कोल्हा खड्ड्यात पडला.

"दाबू नकोस, टेकव."

"टेकवलाच आहे."

"प्रेमाने टेकव गं. तुला बटणांची सवय, तू हाणतेस."

तिने प्रेमाने टेकवला. कोल्हा प्रेमाने खड्ड्यात पडला.

"तुझ्या अंगठ्यातच काहीतरी..." एवढं बोलून तो थांबला, कारण आतल्या खोलीतून त्याची आई आली होती. आईनेही टेकवून पाहिला. कोल्हा ढिम्म.

"तुझ्यावर गेलाय अगदी," आई म्हणाली. "हाक मारली तर हलायचं नाही."

बायकोने पट्टी दिव्याखाली तिरपी धरली. त्याच्या अंगठ्याचे ओलसर ठसे चकाकत होते.

"हात दाखव."

"कशाला?"

"दाखव म्हणते ना."

तळहातावर घाम होता. आईला त्यात नवल वाटलं नाही. "परीक्षेत पेपर भिजवायचा हा. मास्तरांना वाटायचं, रडतोय."

"लग्नाआधी पहिल्यांदा माझा हात धरला ना आई, तेव्हा मला वाटलं हात धुऊन आलाय. म्हटलं, चला, माणूस स्वच्छ तरी आहे."

तिने पावडरचा डबा आणला, त्याचा अंगठा टॉवेलने खसखसून पुसला आणि वर भरपूर पावडर लावली. "आता टेकव."

कोल्हा खड्ड्यात पडला. त्याने पुन्हा टेकवला. पुन्हा खड्डा. ज्याला त्याने जन्म दिला, तो कोल्हा त्याला ओळख दाखवत नव्हता.

"जगाचे कपडे शिवायला बसलास आणि माप स्वतःचंच घेतलंस," ती म्हणाली.

तो पांढरा अंगठा वर धरून सोफ्यावर बसून राहिला. "परवा शुक्रवार," एवढंच म्हणाला.

खरं तर तिने निवांत झोपायला हरकत नव्हती. बटण जिंकत होतं. पण तिला अर्धवट राहिलेलं काम बघवत नसे, मग ते दुसऱ्याचं का असेना.

"नवीन माणूस आला की आपण आधी ओळख करून घेतो, मग कामाला लावतो. तुझी पट्टी थेट कामाला लावते. खेळ सुरू व्हायच्या आधी क्षणभर अंगठा ठेवायला सांग. कोरडा की ओला ते कळू दे तिला, मग मारू दे कोल्ह्याला उड्या."

"पण मग तुझं बटण जाईल."

"जाऊ दे. घरात रडणारा माणूस नको. आधीच ओल कमी नाही."

गुरुवारी त्याने ते केलं, शिस्त मोडली आणि दिसेल त्याचा अंगठा मागत फिरला. सगळ्यांचा कोल्हा उडाला.

शुक्रवारी मोठ्या साहेबांनी अंगठा ठेवला. सह्या करून करून थंड, कोरडा झालेला अंगठा. पट्टीने ओळख करून घेतली. कोल्हा डौलात उडत पहिला टप्पा पार करून गेला. दुसऱ्या टप्प्यात मधमाश्या आल्या. साहेबांच्या मागे सगळी कंपनी उभी होती, आणि नोकरांसमोर हरायची साहेबांना सवय नव्हती. ते खुर्चीच्या कडेवर सरकले.

कोल्हा एकाएकी आपोआप उडायला लागला. माश्या असोत नसोत, उडी. खड्डा असो नसो, उडी.

"अहो, मी अंगठा उचललाय!" साहेब म्हणाले. कोल्हा उडतच होता.

बटण विभागाच्या प्रमुखांनी समाधानाने घसा साफ केला. बायकोने मात्र नवऱ्याकडे बघून भुवईने साहेबांचा अंगठा दाखवला. चकाकत होता.

गप्प बसावं तर पट्टी मेली. खरं बोलावं तर साहेबांचा घाम चारचौघांत निघणार. तो पुढे झाला आणि त्याने स्वतःचा तळहात सगळ्यांसमोर धरला. तोही चकाकत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"साहेब, मला खेळताना घाम येतो. पट्टी सुरुवातीचा अंगठा लक्षात ठेवते. पुढे ओल पट्टीवर उरली की तिला वाटतं, अंगठा अजून आहेच. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

साहेबांनी त्या तळहाताकडे पाहिलं. मग विचार करत असल्यासारखं दाखवत त्यांनी आपला अंगठा पँटला सावकाश पुसला.

"म्हणजे एकदा ओळख करून भागणार नाही. खेळ चालू असतानाही विचारपूस करत राहायला हवं."

"हो साहेब. होईल तसं."

"करा. पट्टी ठेवा." दोन पावलं जाऊन ते वळले. "आणि शेजारी बटणही राहू द्या."

लोक पांगले. साहेब मात्र दाराशी रेंगाळले, मागे आले आणि आवाज खाली आणून त्याला म्हणाले, "तुम्ही याला... काही लावता का हो?"

त्याने बायकोकडे पाहिलं.

"मला विचारा साहेब," ती म्हणाली. "डबा माझा आहे."