बसून राहिलेली आई

मूर्तिनीला तुम्ही मारलंत, साहेब. तुमचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही नावावरच भांडत बसाल, आणि मला तिच्याबद्दल बोलायचं आहे.

गेल्या वर्षी मातृदिनाचा कार्यक्रम होता, गावच्या सभागृहात. बायका ठेवणीतले नक्षीदार केबाया-पोलके घालून, अंबाडे बांधून आल्या होत्या. केळीच्या पानातला चिकट भात खाऊन झाला तरी प्रमुख पाहुण्यांची, म्हणजे तुमची, गाडी येईना. शेवटी आलात, आणि माइक हातात घेऊन म्हणालात, “ज्या मातांनी सुई न घेता, भूल न घेता, कळा सोसून बाळाला जन्म दिला, त्यांनी उभं राहावं. आजच्या टाळ्या त्यांच्यासाठी!”

खुर्च्या करकरल्या. माझी आई पहिल्या रांगेत सगळ्यांच्या आधी उठली. गाव तिला म्बाह परनी म्हणतं, परनी आजी. मी बसूनच होते. मला मूल नाही. त्याच कारणाने नवऱ्याने परत पाठवलेलं, तेव्हापासून माहेरी राहून तेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळून विकते. शेजारी माझी भावजय मूर्तिनी, पोटुशी, आणि तिला टेकून चार वर्षांची निमास.

निमासने आईची बाही ओढली. “आई, ऊठ ना. सगळ्यांच्या आया उठल्या.”

“गप बस.”

“का? तू माझी आई नाहीयेस?”

मूर्तिनी अर्धवट उठली. मागून दुकानवाली वारसी म्हणाली, “अगं, तुझी तर पाठीत सुई होती. बस बस, दमशील!”

हशा झाला. मूर्तिनी बसली. तुम्हीही हसलात, साहेब. मी पाहिलं.

ती सुई सुराबाया शहरातली. मूर्तिनी आणि माझा भाऊ सार्जोनो तिथे बुटांच्या कारखान्यात होते. निमास तिथल्या मोठ्या दवाखान्यात झाली. मूर्तिनी मला फोनवर किती हौसेने सांगायची, “ताई, कळ आलेली कळायची, पण चावायची नाही. पोर बाहेर आली तेव्हा मी हसत होते. सगळं बघितलं मी. तिच्या कानांवरची लव पण बघितली.”

कारखाना बंद पडला, दोघं गावी आली, आणि तिने हेच सगळं तितक्याच हौसेने माझ्या आईला सांगितलं.

झालं. निमासला ताप आला, दोष सुईचा. निमासने हट्ट केला, सुई. मूर्तिनीची पाठ धरली की आई भाताच्या भांड्याशी बोलल्यासारखी बोलायची, “हसत हसत पोरं होतात का कुठं? कळ नाही तर माया कुठून येणार? कोंबडीसुद्धा अंडं घालताना ओरडते.”

माझ्या आईने सात बाळंतपणं घरात केली, आढ्याला बांधलेल्या दोराला लटकून, तोंडात फडकं धरून. तीन पोरं पुरली. तिच्यापाशी मिरवायला दुसरं काही नव्हतंच. ते मला समजतं. तुमच्यापाशी तर सगळं होतं.

पुढे मूर्तिनीने ती गोष्ट सांगायचं सोडलं. फक्त निमासला झोपवताना हळूच म्हणायची, “तू आलीस तेव्हा मी हसत होते.”

तर त्या कार्यक्रमातून आम्ही उसाच्या बांधाने घरी येत होतो. निमास पुढे उड्या मारत होती. मूर्तिनी म्हणाली, “ताई, या खेपेला मी सुई घेणार नाही. आवाजपण काढणार नाही.”

“का? तुला कोण बक्षीस देणारे?”

“बक्षीस गेलं खड्ड्यात. पोरीसमोर उभं राहता आलं पाहिजे.”

मी म्हटलं, बोलतेय रागात, विसरेल. ती विसरली नाही.

दिवस भरले तेव्हा आम्ही तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. सकाळची वेळ. डॉक्टरीण तरुण होती, समजूतदार होती. म्हणाली, “कळा कमी करायची सोय आहे इथे. देऊ का?” पडद्याच्या पलीकडे माझी आई खाकरली. मूर्तिनीने मान हलवली. नको.

पलीकडच्या खाटेवर एक कोवळी पोर गुरासारखी हंबरत होती. नर्स तिच्यावर डाफरली, “अगं, जरा या वहिनींकडे बघ! हूं नाही की चूं नाही. शीक काहीतरी.” आणि मूर्तिनीच्या कपाळावरचा घाम पुसून म्हणाली, “गुणाची गं बाई.”

दुपार कलली. मी तिच्या पोटावर हात ठेवला. कळ गेली की पोट सैल पडतं, एवढं मूल नसलेल्या बाईलाही ठाऊक असतं. तिचं पडेना. सागाची फळी असावी तसं.

“कळ आलीय?”

“गेलीच नाही, ताई. मघापासून एकच आहे.”

“मग ओरड ना! सांग त्यांना!”

तिने ओठ चावले होते, त्यांवर रक्त दिसत होतं. म्हणाली, “आई बाहेर आहे?”

“आहे.”

“मग राहू दे.”

मी नर्सकडे धावले. ती कोवळ्या पोरीचे पाय धरून उभी होती, डॉक्टरीणही तिथेच. नर्स मान न वळवता म्हणाली, “ओरडतायत का त्या? नाही ना? एवढं दुखलं असतं तर छप्पर डोक्यावर घेतलं असतं. थांबा जरा.”

ओरडली असती तर कुणी आलं असतं. ती शांत होती म्हणून सगळं ठीक होतं.

डॉक्टरीण आली आणि तिने पोटाला हात लावला मात्र, तिच्या तोंडावरचा रंग उतरला. वार आत सुटली होती. रक्त आतल्या आत साचत होतं, चादरीवर डागसुद्धा नव्हता. मग पळापळ, चाकांची खाट, दार बंद. मुलगा जिवंत निघाला. मूर्तिनी नाही.

माझी आई बाकावर बसून रडत होती. खरं रडत होती. रडता रडता शेजारच्या बाईला सांगत होती, “आवाज नाही काढला हो माझ्या सुनेने. शेवटपर्यंत नाही.”

सार्जोनोने आमच्या रीतीप्रमाणे दाराच्या उजव्या अंगाला बाळाची वार पुरली, वर टोपली पालथी घातली, दिवा लावला, आणि तीच कुदळ घेऊन कबर खणणाऱ्यांमध्ये जाऊन उभा राहिला. आमच्यात बाळ बघायला साखर आणि साबण नेतात, मयताच्या घरी तांदूळ. बायकांना कळेना काय न्यावं. वारसी दोन्ही घेऊन आली. साखर एकीकडे ठेवली, तांदूळ दुसरीकडे, आणि म्हणाली, “खरी आई निघाली हो शेवटी.”

म्हणजे आधी खोटी होती.

आता या वर्षीचा मातृदिन. या वेळी वेळेवर आलात. माइकवर म्हणालात, “या गावची आदर्श माता, दिवंगत मूर्तिनी! बाळासाठी तिने सगळं सोसलं. तिच्या मानासाठी सगळ्यांनी उभं राहावं.” माझी आई नातवाला कडेवर घेऊन मंचावर गेली. तुम्ही तिच्या खांद्यावर शाल घातलीत. खुर्च्या करकरल्या.

निमासने मला विचारलं, “आत्या, उठायचं?”

“तुला वाटलं तर ऊठ.”

तिने विचार केला. “आजी म्हणते, बाळाच्या वेळी आईला खूप दुखलं म्हणून ती चांगली.”

“हं.”

“मी आले तेव्हा ती हसत होती. मला माहितेय.”

आणि तिने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. मीही बसले. सगळं सभागृह उभं आणि आम्ही दोघी बसलेल्या. तुम्हाला दिसलो आम्ही. म्हणालात, “त्या छोटीला उठवा जरा कुणीतरी.” वारसी वाकली, तिची बोटं सोडवायला लागली. पोर रडली नाही, बोलली नाही, खुर्ची सोडली नाही. शेवटी वारसीनेच मान खाली घालून हात काढून घेतला.

म्हणून विचारते, साहेब. हसत हसत जन्म देणाऱ्या आईला तुम्ही बसवलंत, आणि ती मुक्याने मेल्यावर तिच्या नावाने गाव उभं केलंत. या पोरीच्या वेळी तिची आई हसली, त्यात काय उणं होतं?

मला घरी येऊन सांगू नका. त्याच सभागृहात, त्याच माइकवर, हिच्यासमोर सांगा.

आम्ही बसलोच आहोत. बोला.