गोविंदाच्या खाटेसमोरचे चित्र

मित्रांनो, मी एक जुने चित्र आहे, पण मला पाहून तुम्हीही मान वाकडी करून विचाराल, "हे काय आहे?" माझ्यात घर नाही, झाड नाही, माणूस नाही. नुसते पिवळे, काळे, राखाडी पट्टे आणि मधोमध एक लाल डाग. "रंग सांडले वाटते," असे एक पाहुणा म्हणाला होता. मला त्याचा अजून राग येतो.

मला उत्तमरावांनी काढले. ते बुलडाण्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. त्यांच्या पत्नी कोकिळाबाई दहा वर्षांच्या असताना त्यांचे गाव धरणात गेले. उत्तमरावांनी ते गाव पाहिलेही नव्हते. बाई सांगत गेल्या, ते रंगवत गेले. पिवळे ते करडईचे वावर, काळी ती नांगरलेली जमीन, राखाडी तो नदीतला खडक आणि लाल त्या अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या. उत्तमराव वारल्यावर बाई रोज मला कोरड्या फडक्याने पुसत आणि चहा घेऊन माझ्यासमोर बसत. घरात दुसरे कुणी नव्हते.

मग देऊळघाटला त्यांचा धाकटा भाऊ गोविंदा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला. जुन्या गावाला न्या, असा त्याने धोशा लावला. बाईंना दोन दिवस जेवण गेले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला चादरीत गुंडाळले आणि त्याच्या खाटेसमोर नेऊन ठेवले.

"गोविंदा, पाह्य, आपलं गाव आनलं. तू बरा झाला का मंग हे वापस नेईन."

गोविंदाने बराच वेळ पाहिले. मग अडखळत म्हणाला, "आक्का, लाल... ते पोळ्याची झूल व्हय. आपल्या ढवळ्याची."

"झूल काऊन असंन बे? मिरच्या हायेत त्या!"

बाई दर आठवड्याला येत आणि हेच भांडण होई. मला इतके निरखून कुणी कधी पाहिले नव्हते. मी सुखात होते.

दोन महिन्यांनी गोविंदा गेला. इकडे मेलेल्या माणसाचे अंथरूण शिवेबाहेर नेऊन टाकतात. शेजारच्या झुंबरबाईंनी गोधडी-उशी गोळा केली आणि खाटेजवळचे म्हणून मलाही त्यातच बांधले. गोविंदाच्या मुलाने, हर्षलने, ते पाहिले आणि मला ओढून काढले.

"आत्या, हे तं तुमचं हाय. घरी न्या."

बाईंनी मला छातीशी धरले. मला वाटले, वाचले. पण त्यांनी लाल डागावरून एकदा बोट फिरवले आणि मला पुन्हा गोधडीवर ठेवले.

"जाऊ दे त्याच्या संगं. आता मले भांडाले कोन हाय याच्यावरून?"

तेव्हापासून मी नाल्याकाठी पडून आहे. रंगाचे पोपडे सुटत आहेत. मेलेल्याची वस्तू म्हणून कुणी हात लावत नाही. बाईंवर माझा राग नाही. वाईट मात्र फार वाटते.

मित्रांनो, मला उचलून न्या, असे मी म्हणत नाही. माझे व्हायचे ते झाले. पण कोकिळाबाई बुलडाण्यात एकट्या आहेत. कधी त्यांच्या दारावरून गेलात तर आत जा, त्यांना गावाचे विचारा. आणि उठायची घाई करू नका.