विकण्यासाठी घडवलेले घुमट

मी घुमट बोलतोय, मातीच्या घटाचे तालवाद्य. गोव्यात पेडण्याच्या देवळात आरतीला वाजते ते नव्हे. गौरवीच्या संगणकातल्या खेळात डोंगर पोखरून बांधलेला एक किल्ला आहे, तिथे माझा मुक्काम. हाताला लागत नाही म्हणून मला खोटा ठरवणारे पुष्कळ आहेत. त्यांनी घरातल्या देवाच्या तसबिरीपुढे हात जोडताना एकदा थांबून विचार करावा. मग मला काय म्हणायचे ते खुशाल म्हणावे.

माझा जन्म धान्यासाठी झाला. किल्ल्यात नव्वद माणसे, बाहेर बर्फाळ मुलूख, शेती नावापुरती. हिवाळ्यापूर्वी व्यापाऱ्यांचे तांडे येतात. त्यांच्या गळ्यात एखादी महागडी वस्तू बांधावी आणि गाड्याभर धान्य घ्यावे, असा तिथला संसार. किल्ल्यातल्या कुंभाराला गौरवीने आपल्या दिवंगत आजोबांचे नाव दिले होते: नारायण. त्या नारायणाने मातीचा घट घडवला, तोंडाला बकऱ्याचे कातडे ताणून बसवले. मग गौरवीने माझ्यावर सोन्याचा पट्टा चढवला, त्यावर माणके, त्याखाली चांदीच्या कळ्या. दर दागिन्यासरशी माझी किंमत वाढे आणि नाद दबे.

तिचे काका बाबाजी देवळात घुमट वाजवतात. तिन्हीसांजेला चहाचा पेला घेऊन ते तिच्या शेजारी टेकले.

"गो बाय, घुमटाक सोना कित्याक? वाजतला कसा ता?"

"काका, ता वाजवूक नाय, इकूक आसा."

"मगे त्येका घुमट म्हणा नको. डबो म्हण."

मला राग आला नाही. ते खरे बोलत होते.

पहिला तांडा वनातल्या लोकांचा आला. मारलेल्या जिवाची कुठलीही वस्तू पुढे केली, तर ते आपला अपमान मानतात. सोन्याच्या भरात गौरवी हे साफ विसरली. माझे कातडे पाहताच त्यांनी गाड्या फिरवल्या आणि धान्याचा कणही न देता ते निघून गेले. बाबाजी पोट धरून हसले.

"आमका घुमटाक घोरपडीचा कातडा लावूक सरकारान बंदी केली, म्हणान बकऱ्याचा घेतला. थय ता पण चालना नाय."

गौरवी हसली नाही. कोठारात वीस दिवसांचेच धान्य उरले होते.

दुसरा तांडा पहिल्या बर्फाच्या तोंडावर आला. हे लोक कातड्याला नाक मुरडणारे नव्हते. माझ्या बदल्यात सगळ्या गाड्यांतले धान्य उतरवायला ते तयार झाले. गौरवीचे बोट माउसवर टेकले.

बाबाजी आता हसत नव्हते. "बाय, त्या कुंभाराक माझ्या बापाशीचा नाव दिलंस. त्येणा केलेला घुमट एकदा तरी वाजवन बघलंस?"

"नाय."

"मगे तू काय इकतंस, ता तुका तरी कळला?"

गौरवीने सौदा रद्द केला. मग तिने मला व्यापाराच्या चौकातून उचलून मोठ्या सभागृहात नेऊन ठेवले. पडद्यावर ओळ उमटली: 'नारायण घुमट वाजवीत आहे.' कामावरची माणसे एकेक करून जमू लागली. इकडे बाबाजींची बोटे नकळत गुडघ्यावर आरतीचा ठेका धरू लागली. परमेश्वराने मला आतून पोकळ का ठेवले, ते मला त्या घडीला कळले.

व्यापाऱ्यांचा मुक्काम अजून काही दिवस होता. तेवढ्यात गौरवीने सारे कारागीर दगडी पेल्यांना जुंपले. सोन्याचा वर्ख लावलेले, निर्लज्ज किमतीचे ते पेले घेऊन तांड्याने धान्य दिले, पण निम्मेच.

"काका, अर्ध्यार हिवाळो निघात?"

"देवाच्या सप्त्याक माणसा उपाशी रवतत मा? निघतलो."

निघाला. अर्ध्या पोटी, कुरकुरत निघाला. पण नव्वदच्या नव्वद माणसांनी वसंत पाहिला. भुकेपोटी जुंपलेली भांडणे संध्याकाळी माझ्या ठेक्यात विरून जात.

गौरवी संगणक बंद करते तेव्हा मी थांबतो, संपत नाही. अंगावरचे सोने काढता येत नाही. नावापुढे लिहिलेली किंमतही पुसता येत नाही. असू दे. शरदात तांडे पुन्हा येतील, मला निरखतील, तो आकडा वाचून डोळे विस्फारतील. त्यांना माझा निरोप आताच सांगून ठेवतो: पेले हवे तितके न्या. घुमट ऐका, आणि वाटेला लागा.