ग्रंथालयापर्यंत न पोचलेली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. शाळेतली नव्हे, फलाटावरची नव्हे, आणि बैलाच्या गळ्यातली तर मुळीच नव्हे. जिथे कायदे होतात त्या सभागृहाची मी हातघंटा. माझी मूठ शिसवी लाकडाची आणि अंग काशाचं. आता माझ्या अंगाला वरपासून खालपर्यंत एक चीर गेली आहे आणि कडेवर एक काळपट डाग आहे. सफाई करणारी बाई त्याला मळ समजून दर आठवड्याला लिंबाच्या सालीनं घासते. तो जात नाही. तो कसा पडला, तेच आज सांगायचं आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. मला घडवणाऱ्या ओताऱ्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. उरलेली दोन वितळलेल्या धातूनं नेली होती. त्यानं साचा फोडला, मला निवू दिलं आणि लाकडी हातोड्याचा असा टोला हाणला की माझं सगळं अंग कितीतरी वेळ थरथरत राहिलं. मी असा काय गुन्हा केला होता, मला कळेना. तो मात्र कान लावून ऐकत होता. मग मला थोपटून म्हणाला, "बये, रागावू नकोस. घंटेनं मार खायचा असतो, द्यायचा नसतो."

हे शहाणपण मी जन्मभर पाळलं असतं. पण ते माझ्या हातात नव्हतं, कारण मला हातच नाहीत.

सभागृहात माझी जागा अध्यक्षांच्या मेजावर, दौतीशेजारी. कायदा होण्याआधी त्याला विधेयक म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. अध्यक्ष विचारायचे, या विधेयकाला होय म्हणणारे किती, नाही म्हणणारे किती. दोन्हीकडून सारखीच आरोळी उठली की कोणीतरी मतविभागणी मागायचं. म्हणजे आरोळ्या पुरे, आता डोकी मोजा. त्या वेळी मी मेजावरून उतरायची आणि सभागृहाच्या म्हाताऱ्या शिपायाच्या, घंटेकाकांच्या, हातात जायची.

घंटेकाकांचा रस्ता ठरलेला होता. दारातून निघायचं, लांब ओवरीतून उपाहारगृहापर्यंत वाजवत जायचं, तिथून ग्रंथालयाला वळसा घालायचा आणि वाजवतच दारात परत यायचं. जो सभासद जिथे असेल तिथून धावत आत येई. काका दारात आले, मी थांबले, की दार बंद. मग मोजणी होईपर्यंत ते दार कोणासाठीही उघडायचं नाही. नियमांच्या पुस्तकात मिनिटं लिहिलेली नव्हती. 'घंटा थांबताच दार लावावे' एवढंच लिहिलं होतं. म्हणजे सगळं घड्याळ काकांच्या पायांत आणि माझ्या पोटात.

दार लावायचं काम काकांच्या साडूकडे होतं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे थट्टा चालायचीच. काका म्हणायचे, आमच्या साडूंनी स्वतःच्या लग्नात वऱ्हाड उशिरा आलं म्हणून मांडवाचं दार लावून घेतलं असतं. साडू म्हणायचे, तुम्ही वाजवत राहा, मी लावत राहतो, देश चालतोय तो आपल्या दोघांमुळे. एकदा खुद्द एका मंत्र्याचं नाक त्यांनी दारात चेपलं होतं. त्या नाकाची गोष्ट काका नव्या माणसाला हटकून सांगत.

बाहेरून बघायला आलेली मुलं मला हात लावू द्या म्हणून हट्ट धरायची. त्यांना वाटायचं, आत मोठी माणसं शांतपणे विचार करत बसलेली असतात. मित्रांनो, मी त्या मेजावरून काय काय पाहिलं ते सगळं सांगण्यासारखं नाही. दौती उडायच्या. ध्वनिक्षेपकांच्या दांड्या मुळासकट उपटल्या जायच्या. एका सभासदानं दुसऱ्याचा कान असा चावला की टाके घालावे लागले, आणि दुसऱ्या दिवशी दोघंही शेजारी उभे राहून शांततेवर बोलले. विधेयकाचे कागद तर इतक्यांदा फाटायचे की लेखनिक जास्तीच्या प्रती आधीच काढून ठेवायचा. अशा वेळी अध्यक्ष मला वाजवायचे आणि माझा आवाज त्या गदारोळात बुडून जायचा. तरी मला समाधान होतं. मार मीच खात होते.

मग शिंपीणबाई आल्या.

त्या खरोखरच शिवणकाम करणाऱ्या होत्या. बोलताना बोटं आपोआप टाका घातल्यासारखी हलायची. निवडून येऊन त्यांनी एकच विधेयक आणलं, अवघ्या दीड पानाचं. जिथे माणसं काम करतात तिथलं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं असावं, आणि आत माणूस असेपर्यंत त्याला कुलूप लावू नये. बस.

त्यांची धाकटी बहीण एका शिवणकारखान्यात होती. बायका वेळेआधी उठून जाऊ नयेत म्हणून मुकादम बाहेरून कुलूप लावायचा. एका दुपारी कापडाच्या गठ्ठ्यांनी पेट घेतला. एकोणीस जणी दाराशी सापडल्या, एकमेकींवर. बहिणीला त्यांनी हातातल्या अंगठीवरून ओळखलं, कारण ओळखण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. हे सगळं शिंपीणबाईंनी सभागृहात सांगितलं, आवाज न चढवता. मग पिशवीतून एक जळकं कुलूप काढून अध्यक्षांच्या मेजावर ठेवलं. अगदी माझ्याजवळ. ते अजूनही लागलेलंच होतं. तेही धातूचं, मीही धातूची, पण त्याच्या शेजारी बसताना मला पहिल्यांदा आमच्या जातीची लाज वाटली.

समोरच्या बाजूचे पुढारी होते शेठ. त्यांचे चार कारखाने होते आणि चारी दारं आत उघडायची. विधेयकाला सरळ नाही म्हणायची त्यांना सोय नव्हती. कुलूप सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्यांनी प्रस्ताव मांडला की विषय फार गंभीर आहे, तेव्हा विधेयक समितीकडे पाठवावं. ऐकायला किती गोड! पण समितीकडे गेलेलं विधेयक म्हणजे विहिरीत पडलेली बादली. दोर तेवढा हातात राहतो.

शेठनी वेळही नेमकी साधली. शिंपीणबाईंच्या बाजूचे एकोणतीस, शेठचे चोवीस. पण बाईंचे सात जण त्या दुपारी ग्रंथालयात जुने कायदे चाळत बसले होते. ग्रंथालयाच्या भिंती जाड. मी अगदी वळणावर गेल्याशिवाय तिथे आवाज पोचत नसे. शेठनी मतविभागणी मागितली आणि आपल्या एका सभासदाकडे पाहिलं. त्याला सगळे पैलवान म्हणत. तो आणखी दोघांना घेऊन हळूच बाहेर सटकला.

बेत सोपा होता. ग्रंथालयाच्या आधी घंटा थांबवायची, आणि साडू ते जड दार ओढून अडसर घालायच्या आत पळत परत यायचं. पैलवानाच्या तंगड्या लांब होत्या.

उपाहारगृहापर्यंत मी नेहमीसारखी वाजत गेले. तिथून ग्रंथालयाकडे निघालो, तर ओवरीत पैलवान आडवा आला. काकांनी त्याला वाट द्यायला अंग चोरलं, तर त्यानं माझी मूठच धरली. काकांना वाटलं थट्टा आहे. ते हसले. पहिली चपराक बसली ती त्या हसण्यावर. मी निसटले, फरशीवर आदळले आणि गप्प झाले.

नोकरीत पहिल्यांदाच मी अर्ध्या वाटेत थांबले होते.

पैलवानानं मला उचललं आणि दाराकडे निघाला. काका खाली पडले होते, ओठ फुटला होता. त्यांना विधेयक ठाऊक नव्हतं, शेठ ठाऊक नव्हते. हातातली घंटा गेली एवढंच कळत होतं. त्यांनी दोन्ही हातांनी पैलवानाचा घोटा धरला आणि म्हणाले, "घंटा दे. अजून ग्रंथालय राहिलंय."

"सोड, म्हाताऱ्या."

"अजून ग्रंथालय राहिलंय."

पैलवानानं पाय झाडला. काका फरफटत गेले, पण सुटले नाहीत. मग त्यानं मला उगारलं. मित्रांनो, मला हात असते तर मी त्या वेळी खांब धरला असता. मी त्यांच्या कानावर पडले. हाड मोडल्याचा आवाज बारीक असतो, वाळकी काडी मोडावी तसा. दुसऱ्यांदा पडले तेव्हा मी ओली झाले. तिसऱ्यांदा खाली येताना मी खांबाच्या कडेवर आपटले आणि मलाच चीर गेली. पुढे पळालेल्या त्या दोघा साथीदारांनी परत येऊन काकांची बोटं एकेक करून मागे वाकवायला सुरुवात केली. दोन बोटं मोडली. उरलेल्या आठांनी घोटा धरलेलाच होता.

तेवढ्यात तिकडे अडसर पडल्याचा आवाज आला.

आत काय झालं ते साडू पुढे शंभरदा सांगत. मी थांबले हे ऐकलं आणि त्यांनी दार लावलं. नियम होता. मग बाहेरून ओरडणं ऐकू आलं, आणि तो आवाज त्यांनी ओळखला. तरी हात अडसरावरून हलेना. शिंपीणबाई जागेवरून उठल्या आणि दाराशी आल्या. बंद दारामागे माणूस ओरडतोय, हे ऐकून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"भाऊ, दार उघडा," त्या म्हणाल्या. "माझं विधेयक गेलं तरी चालेल."

साडूंनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी मान खाली घातली आणि सांगितलं की मोजणी होईपर्यंत उघडता येणार नाही. बाई परत जागेवर गेल्याच नाहीत. दाराला कपाळ टेकून तशाच उभ्या राहिल्या. लेखनिकानं त्यांना तिथेच मोजलं.

समितीकडे पाठवा म्हणणारे एकवीस. नको म्हणणारे बावीस.

शेठनी पुन्हा मोजायला लावलं. आकडा तोच. त्यांचे तीन मोहरे बाहेर होते, एका म्हाताऱ्याच्या आठ बोटांत अडकलेले. आणि त्या बावीस डोक्यांतलं एक दाराला टेकलेलं होतं.

अडसर निघाला तेव्हा ग्रंथालयातले सात जण काम आटोपून बाहेर पडताच आरडाओरडा ऐकून धावत आले होते आणि पैलवानाला त्यांनी खांबाशी दाबून धरलं होतं. साडू रक्तात गुडघे टेकून बसले.

"तू थांबलास म्हणून मी लावलं रे," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

काका फुटक्या ओठांनी म्हणाले, "मी नव्हतो थांबलो."

चार दिवसांनी विधेयक मंजूर झालं. कोणी मतविभागणी मागितली नाही. मागितली असती तरी वाजवायला मी कुठे धड होते? पैलवानाला त्या अधिवेशनापुरतं बाहेर ठेवलं. चुकून हात लागला, असं त्यानं लिहून दिलं. काका जगले, पण त्या कानानं पुन्हा काही ऐकलं नाही. साडूंनी महिन्याभरात नोकरी सोडली. घरातल्या न्हाणीघराचीसुद्धा कडी ते लावत नसत, असं मी ऐकलं. काका मला एकदाच भेटायला आले. मोडून वाकड्या जुळलेल्या बोटानं त्यांनी माझी चीर चाचपली आणि मला हलवलं. माझ्या पोटातून खरखर आली. तीही त्यांनी दुसरा कान पुढे करून ऐकली.

पुढे विजेची घंटा आली. नियमात मिनिटं आली. मला कपाटात ठेवलं, मग कपाट मोडलं, मग जुन्या कागदांच्या खोलीत एका फळीवर मी कित्येक वर्षं धूळ खात पडले. शेजारी ते जळकं कुलूप. शिंपीणबाईंनी ते परत नेलंच नाही.

मित्रांनो, एकच मागणं आहे. कोणतीही वस्तू हातात घ्याल तेव्हा ती कशासाठी घडवली आहे ते आठवा. ती तुमच्या हाताला नाही म्हणू शकत नाही. आणि मला लखलखीत करायच्या नादात हा डाग घासू नका. तो घंटेकाकांचा आहे. त्याला तेवढी तरी जागा राहू द्या.

आता त्या खोलीत दोन बायका कागद लावायचं काम करतात. दार जुनं आहे, वाऱ्यानं सारखं मिटतं. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्यातली एक म्हणाली की काम चालू असताना दार मिटलेलं चालत नाही, असा काहीतरी कायदा आहे. कोणाचा कायदा, ते तिला माहीत नव्हतं. तिनं इकडेतिकडे पाहिलं, फळीवरून मला उचललं आणि दाराच्या बुडाशी ठेवलं.

वारा आला की दार येऊन माझ्यावर आदळतं. मी मार खाते. दार उघडं राहतं.