फेटियाची खोळ

मारेगावच्या लॉजवर शीला आडेनं गादीवरची चादर उचलली आणि लगेच सोडून दिली. चादरीला कुणाचे तरी केस चिकटलेले. उशीवर तेलाचा काळा डाग, डोक्याच्या आकाराचा. बाथरूममधली बादली आतून बुळबुळीत, आणि खिडकीच्या जाळीवर तंबाखू-सुपारीच्या खर्‍याच्या पिचकाऱ्या वाळून बसलेल्या.

शीला डोळे तपासायच्या शिबिरात काम करायची. महिन्यातले अर्धे दिवस घराबाहेर. गावं बदलत, लॉजची घाण तीच. त्यावर तिच्याकडे एकच उपाय होता. तिच्या आईनं, जमनाबाईनं, आपल्या जुन्या फेटियाचा, म्हणजे भरतकाम केलेल्या बंजारा घागऱ्याचा, घेर उसवून तिला उशीची खोळ शिवून दिली होती. फुलसावंगीजवळच्या त्यांच्या तांड्यात ती खोळ चुलीशेजारच्या दोरीवर वाळायची, त्यामुळे कितीही धुतली तरी तिला धुराचा वास असायचा. शीला कुठल्याही गावी ती उशीवर चढवायची, त्यात नाक खुपसायची आणि आपल्या घरी जाऊन झोपायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिबीर आटोपून ती खोलीत आली, तर उशी उघडी. खोळ गायब. ती तशीच खाली गेली.

लॉजचा मालक बबनराव बाकड्यावर आडवा पडून खर्रा चघळत होता.

"माही खोळ कुठं आहे?"

"कोणती खोळ?" तो उठून बसला आणि हातातल्या कपड्यानं ओठांवरून ओघळलेली लाळ पुसली. तो कपडा म्हणजेच खोळ होती.

शीलानं त्याच्या हाताकडे बोट दाखवलं.

"हे होय? बाई खोली झाडायले गेलती, तिनं आणून देल्लं. मले वाटलं जुनं फडकं हाय."

"माह्या खोलीतली वस्तू तुमची कशी झाली?"

"चिडून काहून राह्यल्या मॅडम? धुऊन घ्या, साफ होते."

तिनं दोन बोटांच्या चिमटीत खोळ उचलली. भरतकामाच्या टाक्यांमध्ये सुपारीचा भुगा अडकला होता. कपडा ओला होता, कोमट होता. वर खोलीत जाऊन नळाखाली धरली, तर तपकिरी पाणी निघालं. साबण लावला, पुन्हा तपकिरी. नखानं भुगा खरवडताना एक कण नखातच अडकला आणि ती बेसिनवर वाकून ओकली. तोंड धुऊन तिनं मन घट्ट केलं, खोळ नाकाशी नेली. साबण, तंबाखू, चुना. धूर कुठेच नव्हता.

तिनं बॅग भरली. खाली येऊन दाराजवळच्या कचऱ्याच्या डब्यात खोळ टाकली.

"अवो, एवढी धुतली अन् फेकून राह्यल्या?" बबनराव हसला.

"तुमच्या तोंडाले लागली ना ती," शीला म्हणाली. "इथं नाही राहत मी."

बाहेर शिबिराच्या गाडीचा ड्रायव्हर पंजाबराव टायर बघत होता. तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चला ताई, माही बहीण इथंच पुढच्या गावात राह्यते. तानाबाई. तिच्या घरी झोपा."

गाडीत बसून तिनं आईला फोन लावला.

"याडी, तुह्या फेटियाची खोळ फेकली मी."

"कायले वो?"

शीलानं सांगितलं. पलीकडून आधी नुसतं "थू" ऐकू आलं. मग जमनाबाई म्हणाली, "बरं केलं. मी असती तं तिथंच जाळली असती."

शीलाला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. हातांना अजून तंबाखूचा वास येत होता. तिनं ते ओढणीला पुसले, मग ओढणीचीही किळस आली.

"काय करून राह्यली तू?"

"भाकरी थापून राह्यली."

"फोन ठेवू नको. तिथंच चुलीपाशी राहू दे."

"भाकर काय ऐकाची गोष्ट हाय?" जमनाबाई कुरकुरली, पण फोन तिनं खाली ठेवला तो तसाच चालू. थापण्याचा आवाज येऊ लागला, मध्येच बांगड्यांचा, मग तव्यावर काहीतरी चुरचुरल्याचा.

पंजाबरावनं गाडी सुरू केली. इंजिनाच्या घरघरीत आवाज बुडायला लागला, तसं शीलानं फोन कानाला दाबून धरला आणि दुसऱ्या कानात बोट घातलं.