न मोजता लावलेला स्टिकर

मित्रांनो, मी एक जुना औषधपंप आहे आणि स्वभावाने पक्का संशयी. रुग्णाच्या शिरेत बेताबेताने औषध सोडणे हे माझे काम. त्यात चूक झाली तर जिवावर बेतते, म्हणून मला हात लावणाऱ्या प्रत्येकावर मी डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतो.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. "हा कधी दगा देत नाही," असे सिस्टर म्हणत. पुढे नवे पंप आले आणि मी कोपऱ्यात पडलो. माझी मोटर तेव्हा जरा जास्तच पळायची. मला ते कळत होते, पण सांगणार कसे? मला पीं-पीं करता येते, तेही औषध संपल्यावरच.

यंत्रे तपासणाऱ्या इंजिनीयर ताई दर सहा महिन्यांनी येत. तासभर माझ्यातून पाणी सोडून ते मापाच्या नळीत मोजत आणि मगच 'तपासले' असा स्टिकर लावत. त्या दिवशी मात्र त्यांच्या हातात नुसतेच स्टिकर होते. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"उद्या रुग्णालयाची पाहणी आहे. आज लावून टाका, मोजू नंतर," ताईंचे साहेब दारातूनच म्हणाले.

ताईंनी खाली मान घालून वॉर्डातल्या बाराही पंपांना स्टिकर लावले. मला त्यांचा फार राग आला.

दुपारी नवे पंप कमी पडले, म्हणून मला एका आजोबांना जोडले. रक्तदाब उतरवणारे औषध तासाला पाच मिलिलिटर जायला हवे होते, ते सात जाऊ लागले.

"सिस्टर, बाबांना गरगरतंय हो," त्यांची मुलगी म्हणाली.

"पंप तर आजच तपासलाय," स्टिकर बघून सिस्टर म्हणाल्या.

तेवढ्यात ताई घाईघाईने आल्या. पुरावा मिटवायला आल्या की काय, असे मला वाटले.

"हा पंप बंद करा. मी न तपासताच स्टिकर लावलाय," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या.

सिस्टरांनी मला लगेच काढले आणि डॉक्टरांना बोलावले. आजोबा हळूहळू सावरले. ताईंनी वहीत आपली चूक स्वतःच्या नावानिशी लिहिली.

"निभावलं ना? मग लिहायचं कशाला?" साहेब कुरकुरले.

"नशिबाने निभावलं, साहेब. बाकीच्या अकरा पंपांचं काय?" असे म्हणून त्या एकेक स्टिकर खरवडत बसल्या.

आता मी मोडीत निघालो आहे. मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी इंजिनीयर झाले, तर मोजल्याशिवाय सही करू नका. केलीच, तर लाज गिळून धावत परत या. आजोबांकडे तेवढा वेळ होता. प्रत्येकाकडे असेलच, यावर माझा तरी विश्वास नाही.